एक मिलिमीटरचा संसार

मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीकसारीक वस्तू अगदी जवळून मोठ्या टिपणारी, हातात आल्यावर पहिला फोटो काढला तो बॉलपेनच्या टोकाचा. फुलपाखरं, दवबिंदू वगैरे सगळं नंतर, बसल्या जागी समोर पेन होता म्हणून पेन. त्यावर ०.७ लिहिलेलं असतं ना, ती टोकातल्या गोळीची मिलिमीटरमधली जाडी, हे ऐकून माहीत होतं पण ती गोळी कधी बघितली नव्हती. फोटो झूम केला तर पितळी नरसाळ्यात अडकलेला एक गोळा, त्याला निळी शाई माखलेली, आणि शाईत चिकटलेला एक तंतू. कुठला तंतू, पडद्याचा की टॉवेलचा, देव जाणे. पेन पुसला आणि परत फोटो काढला. आता तीन तंतू, ते पुसायच्या कापडाचे! मग टेबलाचा काढला, नुकतंच पुसलेलं चकचकीत टेबल, त्यावर इतका कचरा दिसला की घरच्यांना दाखवायची हिंमत झाली नाही, कारण त्या आठवड्यात पुसायची पाळी माझीच होती.

तर ही लेन्स. मोठं दिसतं म्हणजे नक्की किती मोठं, याचा माझ्या डोक्यात बरेच दिवस गोंधळ होता. गणित सोपं आहे खरं तर. वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा आत सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या चिपवर, पडली की त्याला वन इज टू वन म्हणायचं, आणि खऱ्या मॅक्रो लेन्सकडून निदान एवढी अपेक्षा असते. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे सहा मिलिमीटरची मुंगी रुंदीचा सहावा भाग व्यापते, मग तोच फोटो भिंतीएवढ्या स्क्रीनवर टाका, मुंगी मांजराएवढी होते. काही झूम लेन्सवर पण मॅक्रो असं छापलेलं असतं, त्यातल्या बऱ्याच जेमतेम पाव पटीपर्यंत जातात, तेव्हा नुसता शब्द बघून हुरळून जायचं नाही. मी गेले होते, सांगतेय.

गंमत म्हणजे निकॉनवाले याला मॅक्रो म्हणतच नाहीत, मायक्रो म्हणतात. त्यांची पहिली मायक्रो निक्कोर १९५६ ची, आणि ती केली कशासाठी तर जपानी कागदपत्रं मायक्रोफिल्मवर उतरवायला. त्यांच्या लिपीतली अक्षरं रेघांनी गच्च भरलेली, साध्या लेन्सनी छोटी केली की एकमेकांत मिसळून काळे ठिपके व्हायचे, म्हणून रेघ न् रेघ सुटी दिसेल अशी लेन्स हवी होती. त्याच्या एकच वर्ष आधी, १९५५ मध्ये, जर्मन डिझायनर हाइन्झ किलफिट यांची माक्रो किलार आली होती. मला हे वाचून फार बरं वाटलं. आपण ज्या घराण्यातल्या लेन्सनी फुलातले परागकण टिपतो तिच्यात कुठेतरी दप्तरातल्या कारकुनाचं रक्त आहे. तिचा स्वभावही तसाच आहे, सगळं स्वच्छ अक्षरात नोंदवणार, कुणाची भीडभाड ठेवणार नाही. हिनं माणसाच्या चेहऱ्याचा फोटो काढून त्याला दाखवू नये, मैत्री टिकवायची असेल तर.

पण खरी गोष्ट फोकसची. एक दिवस मोजपट्टी तिरकी ठेवून वन इज टू वनला फोटो काढून बघितले, कुठून कुठपर्यंतच्या रेघा शार्प येतात ते. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, एफचा आकडा वाढला की ते बारीक होतं. एफ २.८ ला शार्प पट्टा एक मिलिमीटरसुद्धा नाही, त्याचा साधारण तिसरा हिस्सा. एफ ८ ला साधारण एक मिलिमीटर. बास. त्याच्या पुढचं आणि मागचं सगळं धुकं. म्हणजे माशीचा डोळा शार्प आला तर पंख गेले, पंख धरले तर डोळा गेला, आणि समोरून काढलात तर डोळ्याचा पुढचा फुगवटा शार्प आणि कडा आधीच विरघळायला लागलेली. लँडस्केपवाले लोक झाडापासून डोंगरापर्यंत सगळं एका फोटोत शार्प आणतात आणि वर तक्रार करतात की कोपरे जरा सॉफ्ट आलेत. त्यांना एकदा डास द्यावा.

मग वाटतं अ‍ॅपर्चर अजून बारीक करू, एफ १६, एफ २२, वाढेल शार्प भागाची खोली. होते, थोडी होते. पण इतक्या जवळ जाताना लेन्स उजेड पण खाते, वन इज टू वनला दोन स्टॉप जातात, म्हणजे उजेड पावच उरतो, आणि लिहिलेला एफ १६ प्रत्यक्षात एफ ३२ सारखा वागायला लागतो, बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळंच सारखं मऊ होऊन बसतं. आधी थोडं शार्प होतं आणि बाकी धुकं होतं, आता सगळंच जेमतेम. मी एफ ८ ते ११ च्या आसपास राहते आणि जे एक मिलिमीटर मिळतं त्यात संसार करते.

आणि त्या एका मिलिमीटरमध्ये राहायचं कसं, तर इथे स्वतःच्या शरीराची ओळख होते, आणि ती काही फार सुखद नसते. मला वाटायचं मी बऱ्यापैकी स्थिर उभी राहते. अजिबात नाही! व्ह्यूफाइंडरमधून बघा, सगळं जग डोलतंय, पुढे मागे, पुढे मागे, आणि डोलणारी व्यक्ती आपणच. श्वास घेतला की फोकस मुंगीच्या मिशीवर, सोडला की तिच्या पाठीवर. एकदा गुडघ्यावर बसून, कोपरं पोटाशी दाबून, श्वास धरून बघत होते तर फ्रेम तरीही टुकटुक हलत होती, एका लयीत. मला वाटलं वारा. वारा नव्हता, माझी नाडी होती. ऑटोफोकस तर अशा वेळी पार गोंधळतो, लेन्स आतल्या आत घुं घुं करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून येते आणि तोवर किडा निघून गेलेला असतो. म्हणून फोकस मॅन्युअलवर टाकायचा, रिंग एका जागी सोडून द्यायची आणि आपणच आख्खे पुढेमागे झुलायचं, अगदी केसभर, आणि डोळा शार्प दिसला की, खरं म्हणजे दिसण्याच्या किंचित आधी, बटण दाबायचं. लांबून बघणाऱ्याला वाटतं ही बाई झुडपाला नमस्कार घालतेय.

ट्रायपॉड? आहे ना. पेन, नाणं, वाळलेलं पान यांच्यासाठी उत्तम. जिवंत किड्यासमोर त्याचे तीन पाय लावेपर्यंत सहा पायांवाला पसार. फुलाला पाय नसतात पण देठ असतो, आणि आपल्या गालाला कळत नाही इतका वारासुद्धा देठाला कळतो. त्यावर मला सापडलेला सगळ्यात भारी उपाय म्हणजे कपडे वाळत घालायचा चिमटा, काडीला बांधून तो मातीत खोचायचा आणि देठ त्यात हलकेच धरायचा. एवढी महागडी लेन्स आणि तिची इभ्रत चिमट्याच्या हाती.

अंतराचं पण एक आहे. मिनिमम फोकस डिस्टन्स म्हणून जो आकडा दिलेला असतो तो लेन्सच्या पुढच्या काचेपासूनचा नाही, आतल्या सेन्सरपासूनचा. कॅमेऱ्यावर एक गोल आणि त्याला छेदणारी रेघ अशी खूण असते, तिथून मोजायचं. शंभर मिलिमीटरच्या लेन्सला तो आकडा तीस सेंटिमीटरच्या आसपास, त्यातून कॅमेरा आणि लेन्सची लांबी वजा केली की किड्याच्या आणि काचेच्या मध्ये उरते साधारण वीतभर किंवा कमीच जागा. साठच्या लेन्सला त्याहून कमी, आपलीच सावली किड्यावर पडते, तो उडतो, आपण चिडतो. म्हणून मग फ्लॅश, आणि त्याच्यासमोर काहीतरी पांढरं पातळ, नाहीतर चमकणाऱ्या पाठीवर पांढरा डाग पडतो. माझा डिफ्यूझर पॅकिंगच्या फोमचा आहे, तो बघून लोक विचारतात पार्सल आलंय का. पण कमी पॉवरचा फ्लॅश एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कितीतरी कमी वेळ पेटतो, तेवढ्या वेळात माझ्या नाडीलासुद्धा फार काही करता येत नाही.

आता यावर तोड म्हणून स्टॅकिंग असतं. फोकस केसभर केसभर सरकवत तीस-चाळीस फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरनी प्रत्येकातला शार्प तुकडा उचलून एक फोटो करायचा. लेव्हॉन बिस नावाचा ब्रिटिश फोटोग्राफर संग्रहालयातल्या किड्यांचे फोटो काढतो, एकेका किड्यासाठी हजारो फोटो, आणि ते बघताना खरंच तोंडात बोट जातं. मी पण करून पाहिलं, मुळापासून टोकापर्यंत लख्ख भुंगा. सुंदर आला, खोटं कशाला बोलू. पण डोळा कुठे ठेवायचा तेच कळेना, सगळंच सांगतंय माझ्याकडे बघ. शिवाय स्टॅकला किडा स्थिर लागतो, आणि काही जण त्यासाठी किड्यांना फ्रीजमध्ये ठेवतात ते मला नाही पटत. पहाटे लवकर उठा, गारव्यात ते आपणहून सुस्त असतात, अंगावर दव घेऊन बसलेले. पहाटे उठवत नसेल तर पेनचे फोटो काढा.

असाच परवा खिडकीच्या चौकटीवर एक उड्या मारणारा कोळी आला. पाच-सहा मिलिमीटरचा असेल. या कोळ्यांचं मला आवडतं ते हे की बाकीचे किडे पळतात आणि हे वळून बघतात. आठ डोळे, त्यातले चार समोर ओळीत, मधले दोन मोटारीच्या दिव्यांएवढे, म्हणजे त्याच्या मानानं. मी झुलायला लागले, तो मान वर करून बघायला लागला. मी जरा डावीकडे, तो डावीकडे. श्वास धरून एकेक करत एकशे चाळीस फोटो काढले, मग मेला टुणकन उडी मारून लेन्सच्या हूडवर आला आणि कार्यक्रम संपला.

एकशे चाळीसपैकी एक शार्प निघाला. अगदी शार्प, दोन्ही मोठे डोळे, भोवतीचा एकेक केस मोजावा असा. स्क्रीनवर पूर्ण मोठा करून बघितला तर उजव्या डोळ्याच्या मधोमध धुळीचा एक कण. आधी वाटलं सेन्सरवरची धूळ, तिचं आणि माझं जुनं वैर, म्हणून इतर फोटो तपासले. नाही, कण त्याच्याच डोळ्यात होता. सॉफ्टवेअरमध्ये तो दोन सेकंदांत पुसता येतो, माउस तिथपर्यंत नेलाही होता, पण आमच्या खिडकीची चौकट कुणी पुसायची होती ते आठवलं आणि राहू दिला. कोळ्याला पापण्या नसतात. पुढच्या फोटोत त्यानं तोंडापाशी असतात ते दोन आखूड हात वर केलेत आणि डोळा पुसतोय. तो फोटो अर्थातच हललाय.