माझी मी

लोणंदला दिंडीत शिरले तेव्हा गळ्यातला क्रूस झाकला नाही, मिरवलाही नाही. आदल्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी बायबलातलं वचन ऐकवलं होतं, कुणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही. इथे दिंडीतल्या एका काकांनी ‘माळ कुठंय?’ म्हणून भुवया चढवल्या. राग दोघांचाही सारखाच आला. रेव्हरंड टिळक शेवटची वर्षं आमच्या साताऱ्यातच होते. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचा आणि ख्रिस्तावर अभंग रचायचा. मग मला कसला जाब विचारता?

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. मला दिसली ती घोड्याची शेपटी.

तरडगावच्या रात्री शेजारच्या तंबूतला जनरेटर घरघरत होता आणि आमच्या तंबूतल्या आजी त्याच्या वर घोरत होत्या. पहाटे काकड्याला मात्र सगळ्यांबरोबर मोकळ्या गळ्याने म्हटलं. पादुकांच्या रांगेत उभी राहिले नाही. कुणी ओढलंही नाही.

फलटणच्या वाटेवर डाव्या टाचेला फोड आला. दुपार झाली, सावली नाही, पुढच्यांनी पावली धरलेली. चिडचिड झाली की मला पंडिता रमाबाई आठवतात. 1883 साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ज्या सिस्टरनी माया लावली त्यांच्याशीच त्या पत्रांतून भांडत राहिल्या. पुरोहितांचं जू उतरवलं ते दुसरं मानेवर घ्यायला नव्हे, हा त्यांचा हेका. माझाही तोच. बायबलात पौलही गलतीकरांना पत्रातून सांगतो, ख्रिस्ताने तुम्हांला मोकळं केलंय, पुन्हा जोखडात अडकू नका. त्याच अध्यायात तो पुढे म्हणतो, प्रीतीने एकमेकांचे दास व्हा. तिथे माझं गाडं नेहमी अडतं. मोकळं केलं ते कुणाचं तरी दास व्हायला?

“बस माय. पाय इकडं कर.”

परभणीकडच्या एक मावशी होत्या. माझी टाच सरळ मांडीवर घेतली. धुळीने माखलेला पाय, मला लाज वाटून मी ओढायला लागले तर गुडघ्यावर चापट बसली. पिशवीतून सुई काढली, काडीवर तापवली, दोरा ओवला. फोडातून सुई आरपार नेली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. “पानी झिरपून जातंय. कातडं काढू नगस.” वर हळद दाबली. मी कळवळले. त्यांचं लक्ष क्रूसाकडे.

“येशूची का गं तू?”

“हो.”

“मग हितं कुनी धाडलं?”

“कुणी नाही. माझी मी आले.”

त्या हसल्या. “मी बी. जलमभर सासूला, मंग नवऱ्याला, मंग लेकाला इचारून उंबरा वलांडला. औंदा नाही इचारलं. लेकाचा फोन येतो, मी उचलीतच नाही.”

उठताना त्या ‘माऊली’ म्हणून माझ्या पायाला हात लावायला वाकल्या. मीही वाकले. कुणापुढे वाकतेय याची चौकशी मनात झालीच नाही, एवढं खरं. मग त्यांची दिंडी पुढे सरकली आणि हळदीने माझा नवा मोजा नासला म्हणून मी पुन्हा वैतागले.

फलटणला फोनला रेंज आली. पाळकसाहेबांचा मेसेज होता, रविवारी उपासनेला याल ना? येते, लिहिलं. बरडच्या पुढे आपला जिल्हा संपतो, तिथवर चालून येते. आणि वचनाबद्दल बोलायचंय, चहा तुमच्याकडे.