याचा आयक्यू काढून द्या ना

पालकसभा संपली की दोन-चार आईवडील मागे थांबतात. नागपुरात बर्डीवर खरेदीला गेले तरी कुणीतरी गाठतंच. "मॅडम, आमच्या पोट्ट्याचा आयक्यू, म्हणजे बुद्ध्यांक, काढून द्या ना, किती आहे ते एकदा कळू द्या." मी शाळेत समुपदेशक आहे, तेव्हा विचारणं साहजिक आहे. पण उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे नीट लिहिते.

माझा पहिला प्रश्न असतो, आकडा कळल्यावर काय करणार? बहुतेकांना आठवीपासून जेईई-नीटच्या फाउंडेशनला घालायचं की नाही हे ठरवायचं असतं. त्यासाठी ही चाचणी मुळात नाहीच. 1905 साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पहिली चाचणी तयार केली, ती वर्गात मागे पडणाऱ्या मुलांपैकी कुणाला वेगळी मदत लागेल हे ओळखण्यासाठी. बुद्धी जन्माला येते तेवढीच राहते असं मानणाऱ्यांवर बिनेनं पुढे कडक टीका केली. तो 1911 मध्ये गेला. मूल कितव्या वर्षाच्या मुलाइतकं काम करतं, त्या 'मानसिक वयाला' खऱ्या वयानं भागायची कल्पना जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्ननं 1912 मध्ये मांडली, आणि त्याला शंभरानं गुणून आकडा रूढ केला अमेरिकेतल्या टर्मननं, 1916 मध्ये. ज्या आकड्यासाठी आज एवढी धडपड चालते, तो बिनेनं दिलेलाच नाही.

आपल्या गावाचंही यात नाव आहे, हे नागपूरकरांना फारसं ठाऊक नसतं. डॉ. आर्थर मालिन यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धी चाचणीचं भारतीय रूप नागपुरात काम करताना तयार केलं. 1969 ची ही चाचणी 'मिसिक' नावानं ओळखली जाते, आणि सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी देशभर वापरली गेली. मूल रोजच्या व्यवहारात वयाप्रमाणे किती स्वावलंबी आहे हे मोजणाऱ्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीच्या त्यांनी केलेल्या भारतीय रूपाला तर मानसशास्त्राचे विद्यार्थी आजही 'नागपूर रूपांतर' म्हणतात. अर्थात इतक्या जुन्या चाचणीचे आकडे आजच्या मुलांना लावताना फार जपून वाचावे लागतात.

मला त्या चाचणीतली बेरीज नको असते, तिचे तुकडे हवे असतात. सातवीतला एक मुलगा (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत) सगळ्या विषयांत काठावर होता. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी समोर ठेवली, तर चित्राकडे एकदाच बघितलं आणि हात चालू. कोपऱ्यातला ठोकळा फिरवून बसवताना क्षणभरही अडखळला नाही. मग खुणा उतरवायचा भाग आला. पेन्सिल इतकी दाबून धरली की बोटाचं पेर पांढरं पडलं, आणि वेळ संपला तेव्हा अर्ध्याहून जास्त चौकटी रिकाम्या होत्या. मराठीचा उतारा वाचायला दिला, तर 'समुद्र' बघून 'समोर' वाचलं. तोच उतारा मी वाचून दाखवल्यावर मात्र गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. या सगळ्याची सरासरी काढली असती तर एक मध्यम आकडा हाती आला असता, आणि त्यात हा मुलगा दिसलाच नसता. पुढे रीतसर तपासणी झाली आणि अध्ययन अक्षमता निघाली, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखनासारख्या गोष्टींत येणारी अडचण. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असलं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. आयक्यू चाचणीचा खरा उपयोग मला इथे वाटतो.

पण अहवाल हातात आला म्हणजे काम झालं असं नाही. तो मुलगा मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "मी ढ आहे." समुपदेशनाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, कार्ल रॉजर्सनं शिकवलं की समोरच्याला आहे तसा स्वीकारा, मन लावून ऐका, घाईनं सल्ला देऊ नका. सुरुवात मी तिथूनच करते, कारण ऐकून घेतल्याशिवाय बारा वर्षांचं मूल तोंड उघडत नाही. मात्र नुसतं ऐकून 'मी ढ आहे' जात नाही. तिथे मला अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ उपचारपद्धती लागते. डॉ. कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली, त्यामुळे पुष्कळ वाचकांना ओळखीची असेल. मनातल्या समजुतीला पुरावा मागायचा. ढ मुलाला ही नक्षी इतक्या लवकर जमली असती का? तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग वाचायला काहून जमत नाही?" आम्हाला हाच प्रश्न हवा होता, आणि त्यावर पुढे वर्षभर काम चाललं.

आता बोटांचे ठसे घेऊन मुलाच्या बुद्धीचे प्रकार सांगणाऱ्या चाचण्यांबद्दल. त्या गार्डनरचं नाव पुढे करतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनरनं 1983 मध्ये बुद्धी अनेक प्रकारच्या असतात असं मांडलं, आणि शिक्षकांची नजर त्यानं मोठी झाली, हे मी मानते. पण पुरावा तितका भक्कम नाही. वेगवेगळ्या क्षमता बऱ्याच अंशी एकमेकींसोबत चालतात, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ स्पिअरमननं 1904 मध्येच दाखवलं होतं. आणि गार्डनरच्या सिद्धांताचा बोटांच्या ठशांशी काडीचाही संबंध नाही. ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही. तिच्यावर पैसे घालवू नका, आणि त्या रंगीत अहवालावरून दहावीनंतरची शाखा तर मुळीच ठरवू नका.

तरीही यायचं असेल तर जरूर या. येताना मुलाच्या यंदाच्या दोन-तीन वह्या आणा, गुणपत्रिका नसली तरी चालेल. डोळे आणि कान तपासले नसतील तर ते आधी करून घ्या, कारण फळ्यावरचं दिसत नाही एवढंच कारण निघालेलीही मुलं असतात. नेमकी अडचण कधीपासून आणि कोणत्या विषयात आहे, ते कागदावर लिहून आणा. आणि घरून निघताना मुलाला 'तुझी परीक्षा आहे' असं सांगू नका. मॅडमशी बोलायला जायचं आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.