यातली मुख्य गायिका कोण?

घरी कुणी आलं आणि लिजाडू सिस्टर्सची गाणी चालू असली, की पाच-दहा मिनिटांत एक प्रश्न हमखास येतो: "दोघी गातायत ना? मग यातली मुख्य कोण आणि साथीला कोण?" परवा तुम्हीही हेच विचारलंत. तेव्हा चहा ओतता ओतता "दोघीही" एवढंच म्हणाले. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

तायवो आणि केहिंदे लिजाडू या नायजेरियातल्या योरूबा समाजातल्या जुळ्या बहिणी. जन्म २२ ऑक्टोबर १९४८, जोस शहरात. दिसायला हुबेहूब एकसारख्या. नायजेरियाचा प्रसिद्ध गायक-संगीतकार फेला कुटी त्यांचा नात्यातला भाऊ. या नावांसाठी आईवडिलांना डोकं खाजवावं लागलं नाही. योरूबा घरात जुळं झालं की पहिलं बाळ तायवो आणि दुसरं केहिंदे, मग मुलगा असो की मुलगी. तायवो म्हणजे जगाची चव घेणारी, केहिंदे म्हणजे मागून आलेली. आणि थोरलं मानतात ते मागून आलेल्याला! थोरल्याने धाकट्याला पुढे धाडलं, "जा, जग कसं आहे ते बघ". धाकट्याचं रडणं ऐकू आलं आणि मग थोरलं सावकाश आलं, अशी तिथली समजूत. पहिली कोण, दुसरी कोण हे यांच्याकडे जन्मापासूनच उलटसुलट आहे.

आता गाणं. १९७६चा 'डेंजर' हा अल्बम हेडफोन लावून ऐका. बिडी राइट हा हरहुन्नरी वादक आणि निर्माता त्यांच्या पाठीशी होता. खालून बास आणि ड्रम्सचा ठेका, आणि त्यावर या दोघी. एक ओळ दोघींची मिळून. कधी एकाच सुरात, कधी दोन सुरांत, पण अंतर इतकं थोडं की सूर कुठे फुटला आणि कुठे परत जुळला हे दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय लक्षात येत नाही. श्वास एकत्र घेतात, शब्द एकत्र सोडतात. मी कित्येकदा एकीचाच आवाज पकडून शेवटपर्यंत जायचा प्रयत्न केला. दोन ओळींनंतर तो हातातून सुटतो.

याच्यामागे त्यांची भाषाही आहे. योरूबात उच्च, मध्यम आणि खालचा असे तीन स्वर असतात आणि स्वर बदलला की अर्थ बदलतो. 'ऑकॉ' म्हणताना शेवट सपाट ठेवला तर नवरा, वर नेला तर कुदळ, खाली आणला तर वाहन. त्यामुळे चालीला शब्दाच्या चढउताराचं भान ठेवावं लागतं. अशा भाषेत दोघींनी दोन सुरांत गायचं तर दोन्ही सूर बरोबरीने चढायला आणि बरोबरीने उतरायला हवेत. एक वर आणि दुसरी खाली गेली तर शब्दांचा अर्थच डगमगतो. म्हणून त्या अशा हातात हात घालून चालल्यासारख्या गातात. इंग्रजीत गातानाही ती सवय सुटलेली नाही.

विषय मात्र गुळगुळीत नाहीत. 'अमेबो' म्हणजे चहाडखोर, आपल्या गल्लीत असते तशीच. 'कॅशिंग इन' लोकांच्या जिवावर गब्बर होणाऱ्यांवर आहे. तेलाचा पैसा देशात ओतला जात होता त्या वर्षांतलं हे गाणं. आणि 'इया मी जोवो', "माझ्या आई, ऐक ना गं", हे सुरुवातीच्या दिवसांतलं गाणं त्यांनी १९७७च्या 'मदर आफ्रिका'त पुन्हा गायलं. मला ते सगळ्यात जवळचं. पुढे १९७८चा 'सनशाइन' आणि १९७९चा 'होरायझन अनलिमिटेड'.

त्या काळच्या लागोसमध्ये, नायजेरियातल्या त्या मोठ्या शहरात, बँड पुरुषांचे आणि बायका बहुतेक करून मागे, कोरसमध्ये. या दोघी स्वतःची गाणी स्वतः लिहून पुढे उभ्या राहिल्या. म्हणून "साथीला कोण" हा प्रश्न मला जरा लागतो. गाण्यांचे पैसे आपल्याला नीट मिळाले नाहीत, हे त्या कायम सांगत आल्या. नॅस या अमेरिकन रॅपरने त्यांचं 'लाइफ्स गॉन डाउन लो' वापरलं, तेव्हाही आपलं श्रेय मिळालं नाही अशीच त्यांची तक्रार होती.

१९८०च्या दशकात त्या अमेरिकेत गेल्या, ब्रुकलिनला राहिल्या. १९९६मध्ये केहिंदे जिन्यावरून पडली आणि मणक्याला जबर दुखापत झाली. तायवोचा गळा शाबूत होता, पण ती एकटी पुढे गायला गेली नाही. बहिणीची शुश्रूषा करत राहिली. जवळजवळ दोन दशकं गाणं बंद. २०१४मध्ये विल्यम ओन्येबोर या नायजेरियन संगीतकाराच्या गाण्यांच्या कार्यक्रमांत दोघी पुन्हा रंगमंचावर आल्या, बरोबरच.

केहिंदे ९ नोव्हेंबर २०१९ला गेली. २०२४मध्ये 'होरायझन अनलिमिटेड' पुन्हा नव्याने निघाला, तेव्हा त्याबद्दल बोलायला तायवो एकटीच होती.

पुढच्या वेळी याल तेव्हा त्यातलं पहिलंच, 'ओरेरे एलेजिग्बो', लावते. चहा नंतर घेऊ. आधी दोघींतली एक वेगळी काढून दाखवा.