फक्त हवा चांगली बघा

निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं आणि जेवणाच्या टेबलावर भारताच्या नकाशाशेजारी पसरलं. बँकेत ३६ वर्षं काढलेल्या माणसाला लाल पेन हातात घेतल्याशिवाय विचार सुचत नाही. बायकोची मागणी तशी साधी होती. "अहो, तुकड्यातुकड्यांनी पुष्कळ बघून झालं. आता एकदाच दोन महिने निघू आणि सगळा भारत फिरून येऊ. फक्त हवा चांगली बघा."

नको ते महिने खोडत जायचे, उरतील ते आपले, असा माझा हिशेब. तासाभराने ती चहा घेऊन आली तेव्हा कॅलेंडर नापास पोराच्या प्रगतिपुस्तकासारखं दिसत होतं.

खरं तर वाईत जन्म गेलेल्या माणसाला हे आधीच कळायला हवं होतं. पसरणीचा घाट चढला की तीसेक किलोमीटरवर महाबळेश्वर. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि आमच्या वाईला त्यातलं उष्टं-खरकटं मिळतं. जुलै महिन्यात स्टँडवर वरून आलेली एसटी सांगावी लागत नाही. तिच्या टपावरून पाणी निथळत असतं, आतली माणसं कुडकुडत उतरतात, आणि आम्ही खाली नुसत्या शिंतोड्यांत भजी खात उभे. तसंच पूर्वेला माण तालुक्यात गेलात, तर दहिवडी-म्हसवडकडे ५०० मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक देवाला नारळ फोडतात. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत एका टेबलावर दरडीची फाईल आणि दुसऱ्यावर टँकरची.

पण घरचं शहाणपण प्रवासाच्या बॅगेत भरायचं राहून जातं. नव्वदीच्या दशकात आम्हाला एलएफसी, म्हणजे बँकेकडून प्रवासभाड्याची सवलत, मिळाली तेव्हा मी मद्रास निवडलं. तेव्हा मद्रासच म्हणायचे. दिवाळीची सुट्टी होती. हस्ताचा पाऊस आमच्याकडे केव्हाच होऊन गेला होता, पंचांगात वाहन काय असेल ते असो, हत्ती निघून गेला होता. छत्र्या पुसून माळ्यावर टाकल्या, मुलीला नवा फ्रॉक घेतला आणि निघालो. मद्रास सेंट्रलला उतरलो ते घोटाभर पाण्यात.

पाच दिवस पाऊस. मरीना बीच बसच्या काचेतून, तोही रुमालाने काच पुसत पुसत पाहिला. महाबलीपुरमचे रथ एका छत्रीत तिघं उभे राहून पाहिले. लॉजच्या मॅनेजरला मी जरा तक्रारीच्या सुरातच म्हणालो, "हा पाऊस कसला अवेळी?" तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या मते हाच पाऊस वेळेवर होता. जूनमध्ये केरळात आलेला पाऊस पश्चिम घाटावर आपटून रिकामा होतो, मद्रासला पोहोचेपर्यंत त्याच्यात फारसा दम उरत नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून राजस्थानातून मान्सून परतायला लागतो, पुढे वारे उलटे फिरतात, ईशान्येकडून वाहू लागतात, बंगालच्या उपसागरावरून पाणी उचलतात आणि ते तामिळनाडूच्या किनाऱ्यावर ओततात. त्या शहराचा वर्षातला निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. भूगोलात हे मी शिकलो होतो, दोन मार्कांना लिहिलंही होतं. पण मार्कांसाठी लिहिलेलं कोण लक्षात ठेवून रिझर्व्हेशन करतं?

नरकचतुर्दशीला पहाटे मालकाच्या घरातून तिळाच्या तेलाचा वास आला. त्यांच्याकडेही तेल लावून अंघोळ, नवे कपडे, फटाके, सगळं आपल्यासारखं. मालकाच्या पोरांना एकच काळजी, फटाके कोरडे राहतील का. आमची सहा वर्षांची मुलगी अंगणातल्या डबक्याकडे बघत म्हणाली, "बाबा, इथली मुलं किल्ला कुठे करतात?"

तिच्या प्रश्नाला तेव्हा मी हसलो. नंतर पुष्कळदा आठवला. दिवाळीत मातीचा किल्ला करायचा तर माती ओली हवी, पण वरून पाऊस नको, हे आपलं आपण गृहीत धरलेलं असतं. मृग ते हस्त एवढाच पावसाळा, संक्रांतीपर्यंत थंडी, होळी पेटली की ती संपली. हे वेळापत्रक आपण कपड्यांच्या खाली घडी घालून सगळीकडे नेतो आणि तिथला देश तसा वागला नाही की त्याला अवेळी म्हणतो.

मद्रासची अद्दल मी मनावर घेतली, नको तितकी. पुढे काही वर्षांनी मेघालयात गेलो तेव्हा तीन रेनकोट, दोन छत्र्या आणि प्लॅस्टिकच्या कागदाचं एक भेंडोळं बरोबर होतं. चेरापुंजीला जायचं म्हणजे काय! वर्षाला ११,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथले लोक त्या गावाला सोहरा म्हणतात. आम्ही गेलो डिसेंबरात, कारण मुलीला नाताळची सुट्टी. चार दिवसांत एक थेंब पडला नाही. निळंशार आभाळ, कड्यावर उभं राहिलं की खाली बांगलादेशाचं मैदान लखलखीत दिसत होतं. नोहकालिकाईचा तो एवढा गाजलेला धबधबा म्हणजे कड्यावरून सोडलेला एक पांढरा दोरा. आणि जिथे उतरलो होतो त्या घरातल्या बाईंनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, अंघोळीला माणशी एकच बादली.

मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. एवढा पाऊस पडतो, पण तो चुनखडीच्या पठारावरून थेट खालच्या मैदानात पळून जातो. वरची माती त्याच पावसाने कधीच धुऊन नेली, मग पाणी धरणार कोण? हिवाळ्यात बायका डोक्यावरून पाणी आणतात. आमच्या म्हसवडच्या माणसाला तिथे एकदम घरच्यासारखं वाटेल.

त्या घरात भिंतीवर बांबूचं आणि पानांचं विणलेलं काहीतरी टांगलं होतं, मोठ्या शिंपल्यासारखं. डोक्यावरून पाठीवर घ्यायचं, दोन्ही हात मोकळे, वाकून काम करता येतं. ते त्याला क्नुप म्हणत होते. बायको दोन पावलं पुढे झाली आणि म्हणाली, "अहो, हे तर इरलं!" तिचं माहेर मावळातलं. तिची आजी भातलावणीला इरलं घेऊनच चिखलात उतरायची. तिने ते खाली काढून बघितलं, हातात घेऊन वजन केलं, परत टांगलं. कडकडीत कोरडं होतं. वास नव्हता, म्हणाली.

तर आता कॅलेंडर. एप्रिल-मे खोडले, कारण मैदानी मुलखात जीव जाईल. जून ते सप्टेंबर खोडले, कारण पाऊस. मग आठवलं, लडाखला जायचं तर तेच महिने. पाऊस हिमालयाच्या अलीकडेच संपतो, लेहला वर्षाकाठी मिळतो तो शंभरेक मिलिमीटर. तेवढा महाबळेश्वर जुलैतल्या एका दिवसात सहज पाडतं. उत्तराखंडातल्या फुलांच्या खोऱ्यातली फुलंही जुलै-ऑगस्टातलीच, नेमकी वाटेवर दरडी कोसळतात तेव्हाची. खोडलेले महिने पुन्हा गोल केले. ऑक्टोबर-नोव्हेंबर तामिळनाडूने खाल्ले. डिसेंबर-जानेवारी सुंदर, पण उत्तरेत धुकं. एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आग्र्याला होतो. ताजमहाल समोर आहे यावर विश्वास ठेवून तिकीट काढलं, आत गेलो, एक घुमट अर्धा दिसला. परतीची गाडी नऊ तास उशिरा. मार्चबद्दल विचारू नका, बँकवाल्याला मार्चमध्ये ऋतू नसतो, क्लोजिंग असतं. निवृत्त झालो तरी हात आपोआप तिथे फुली मारून मोकळा झाला.

उरला फेब्रुवारी. खरंच, फेब्रुवारीत काही खोट निघेना. राजस्थान गार, केरळ सुसह्य, काझीरंगा उघडं, कच्छचं रण पांढरंशुभ्र. लडाख आणि फुलांचं खोरं सोडलं तर सगळं जमत होतं. "अठ्ठावीस दिवसांत?" बायको म्हणाली. "तुम्हाला सगळा भारत बघायचाय की हजेरी लावायचीय?"

तिच्या या बोलण्यावरून काश्मीर आठवलं. तिथे आम्ही मेमध्ये गेलो होतो, सगळे मराठी लोक जातात तसेच. श्रीनगरच्या हाउसबोटीवरच्या म्हाताऱ्या चाचांना मी ट्यूलिपची बाग कधी दाखवता म्हणून विचारलं. ते म्हणाले, संपली. ती मार्चअखेर उमलते, जेमतेम महिनाभर टिकते. मग त्यांनी शिकाऱ्यातच बसून वर्ष मोजून दाखवलं. मार्चात बदामाचा मोहोर, मग ट्यूलिप, शरदात सफरचंदं, ऑक्टोबर सरताना पांपोरला केशर फुलतं आणि चिनार तांबडे होतात, आणि २१ डिसेंबरला चिल्ले कलान. म्हणजे चाळीस दिवसांची मोठी थंडी. ती सरली की वीस दिवसांची चिल्ले खुर्द. मग दहा दिवसांची चिल्ले बच्चा.

खुर्द! मी उडालोच. आपल्याकडे गावांना खुर्द आणि बुद्रुक असतं, यांच्याकडे थंडीलाही खुर्द. शब्द तोच, फारसीतला, धाकटा या अर्थाचा. एवढ्या बारकाईने थंडीची वाटणी केलेल्या माणसाला मी विचारत होतो, बेस्ट सीझन कुठला? त्यांनी मला उलट विचारलं, "मेमध्येच का आलात?" मी म्हटलं, शाळेला सुट्टी असते. त्यांनी मान डोलावली. "हां. महाराष्ट्रवाले मेमध्येच येतात." त्यांच्या हिशेबात आम्हीच एक ऋतू होतो, बदामाच्या मोहोरानंतर आणि सफरचंदांच्या आधी येणारा.

जुन्या लोकांचं याबाबतीत बरं होतं. चातुर्मासात संन्याशाने एका जागी राहायचं, नद्या उतरल्या की दसऱ्याला सीमोल्लंघन, मराठ्यांच्या फौजा मुलुखगिरीवर निघायच्या त्या दसऱ्यानंतरच. प्रवासाचा हंगाम असा ठणठणीत ठरलेला. पण त्याच महाराष्ट्रात ऐन जेष्ठ-आषाढात, भर पावसात, लाखो माणसं पायी पंढरपूरला निघतात. हवा चांगली बघून वारी काढली असती तर माघात बरी पडली असती, आणि माघीला जाणारेही जातातच. पण मोठी वारी आषाढीची. डोक्यावर इरल्याऐवजी आता प्लॅस्टिकचा कागद आला, एवढाच काय तो बदल.

चंद्रपूरला मुलगी दिली आहे. विहीणबाईंचा दर मेमध्ये फोन येतो. "या न बाप्पा उन्हाळ्यात, वाघ पाहून जा." चंद्रपूर, मे महिन्यात! पारा ४५ च्या वर. पण त्यांचं खरं आहे. पानगळ झालेली असते, ताडोब्यातले पाणवठे आटून मोजके उरतात, वाघाला पाण्यावर यावंच लागतं. गारव्यात गेलात तर झाडी बघाल, आणि १ जुलैपासून तीन महिने गाभ्याचं जंगल बंदच. मागच्या वर्षी गेलो. डोक्याला ओला पंचा बांधून, कांदा खिशात घालून, सकाळच्या सफारीत बसलो. वाघीण पाण्यात मागच्या पायांनी उतरली, शेपटीकडून, आणि तशीच बसून राहिली वीस मिनिटं. ती इतक्या सुखात होती की आम्हीही उकाडा विसरलो. परत येताना जीप तापून तवा झाली होती, तेव्हा आठवला.

शेवटी बायकोनेच कॅलेंडर उचलून भिंतीला लावलं, लाल फुल्यांसकट. "सगळा भारत राहू दे," ती म्हणाली. "जुलैत सोहराला जाऊ."

"जुलैत? अगं, लोक पाऊस टाळून जातात तिथे. धुक्यात हाताला हात दिसायचा नाही. बांगलादेश सोड, समोरचा रस्ता दिसणार नाही."

"दिसायचं ते डिसेंबरात दिसलं. आता पडताना बघू."

शेजारी ऐकून हसले. गुवाहाटीपर्यंतच्या गाडीचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत १२० दिवस आधी काढता यायचं, म्हणजे थंडीत बसून पावसाळ्याची तिकिटं काढायचो. आता निदान उकाड्यात बसून काढता येतील. मी तारखा मोजत होतो तेवढ्यात तिने माळ्यावरून ते तीन रेनकोट खाली घेतले. चेरापुंजीहून कोरडेच परत आलेले, पावडर मारून ठेवलेले. घडी काही ठिकाणी चिकटली होती, उलगडताना तडतड वाजली. तिने स्वतःचा अंगात घातला. बटणं लागेनात.

"नवा घ्यायला हवा," ती म्हणाली.

"कशाला? तिथेच इरलं घेऊ."

तिने रेनकोट काढला, झटकला. पावडर कॅलेंडरवर उडाली. "आधी तिकिटं काढा," ती म्हणाली, "मग बोला."