शिट्टी

मला शिट्टी वाजवता येत नाही. २६ एप्रिल २०१९ च्या सकाळपर्यंत त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

शुक्रवार होता आणि शो सहाचा. सकाळी सहाचा. त्या वेळेला पुण्यातली शहाणी माणसं पर्वती चढतात किंवा कूस बदलून झोपतात. आम्ही दोन-अडीचशे जण डोळे चोळत ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ला जमलो होतो. कुणाच्या टीशर्टवर ढाल, कुणी चक्क घरातल्या पायजम्यावर. तीन तास एक मिनिटाचा सिनेमा, शिवाय मध्यंतर. म्हणजे साडेनवाला सुटून साडेदहाला ऑफिस, असा माझा हिशोब. मार्व्हलच्या सुपरहिरोंच्या मालिकेतला, २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून मोजलं तर, हा बाविसावा सिनेमा. आधीचे एकवीसही मी पाहिलेत, हे मी अभिमानाने सांगते आणि नवरा काळजीने.

वर्षभरापूर्वी, याच्या आधीच्या ‘इन्फिनिटी वॉर’च्या शेवटी खलनायक थानोसने चुटकी वाजवली होती आणि निम्म्या सृष्टीची राख झाली होती. तेव्हा थिएटरात जी शांतता पसरली ती मी विसरलेले नाही. शेजारच्या माणसाने पॉपकॉर्नची मूठ तोंडाशी नेलेली, ती तशीच खाली आणली. नावं संपेपर्यंत लोक बसून राहिले, जणू कुणीतरी येऊन सांगणार होतं की गंमत केली, घरी जा. त्यामुळे या वेळी सगळे आले होते ते वर्षभर आवंढा धरून.

पहिला तास संथ आहे. मान्य. वीजदेव थोरचं सुटलेलं पोट हा विनोद एकदा ठीक होता, चारदा नाही. कालप्रवासाचं गणित तर मी अजूनही कुणाला नीट समजावून देऊ शकत नाही. या पात्रांचे लेखक स्टॅन ली १९७० सालातले तरुण होऊन गाडीतून ओरडत जातात तेव्हा मात्र टाळ्या पडल्या. पाच महिन्यांपूर्वीच गेले होते ते. १९६३ मध्ये त्यांनी आणि चित्रकार जॅक कर्बीने अ‍ॅव्हेंजर्सची ही टोळी पहिल्यांदा कॉमिकच्या कागदावर आणली, तेव्हा तिच्यात कॅप्टन अमेरिका नव्हताच. तो चौथ्या अंकात बर्फात गोठलेला सापडला. मागून आला आणि घरचा कर्ता होऊन बसला. आमच्याकडे एका काकांचं असंच आहे.

तर हा कर्ता. शेवटच्या लढाईत थानोस थोरच्याच कुऱ्हाडीने थोरला मारायला निघालाय, आणि मागे जमिनीवर पडलेला थोरचा हातोडा हलतो. हा हातोडा फक्त लायक माणसालाच उचलता येतो. २०१५ च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये एका पार्टीत सगळे गमतीने तो उचलायला बघतात, कुणाकडून हलत नाही. कॅप्टन हात लावतो तेव्हा तो केसभर सरकतो आणि थोरचा चेहरा उतरतो. बस, एवढंच. दोन सेकंदांची ती उधारी चार वर्षं वहीत पडून होती. मधल्या एका सिनेमात हातोड्याचा चुरा झाला, तेव्हा मी ती बुडीत खात्यात टाकली होती. आणि आता भूतकाळातून आणलेला तोच हातोडा उडतो, थानोसला हाणतो आणि परत फिरून कॅप्टनच्या मुठीत जाऊन बसतो!

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, शब्द नसावेत. खुर्चीत उभी होते, एवढं नक्की, कारण पर्स खाली पडून त्यातली चिल्लर पुढच्या रांगेत घरंगळत गेली. पूर्वी लोक पडद्यावर चिल्लर उधळायचे. माझ्याकडून ते अपघाताने झालं. आणि चारी बाजूंनी शिट्ट्या. तोंडात बोटं घालून मारलेल्या, कान फाडणाऱ्या. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपल्याला ही का येत नाही?

कारण मला माहीत होतं. आमचे आजोबा तमाशाच्या फडात टोपी उडवायचे आणि त्यांची शिट्टी म्हणे वेशीपर्यंत ऐकू यायची. सात-आठ वर्षांची असताना मी तोंडात बोटं घातली, तर आजीने हातावर फटका मारला. “पोरीच्या जातीला शोभतं का?” आजोबा झोपाळ्यावर होते. काही बोलले नाहीत.

पडद्यावर कॅप्टनची ढाल अर्धी तुटलेली. समोर क्षितिजापर्यंत सैन्य. तो तुटक्या ढालीचा पट्टा आवळतो आणि एकटा उभा राहतो. कानात खरखर होते आणि राख झालेल्या मित्राचा, सॅमचा आवाज येतो: डावीकडून येतोय. पाच वर्षांपूर्वीच्या सिनेमात हे दोघे पहाटे पळताना भेटले होते. कॅप्टन प्रत्येक फेरीत त्याला मागे टाकताना हेच म्हणायचा. मग कॅप्टनच्या मागे भुईचक्र पेटावं तसं ठिणग्यांचं एक वर्तुळ उघडतं. त्यातून ब्लॅक पँथर. मग दुसरं वर्तुळ, तिसरं, मग मोजणं संपतं. राख झालेले सगळे परत येतात. लग्नघरी मुहूर्त टळायला आलाय आणि एकदम सगळ्या एसट्या एकाच वेळी स्टँडला लागाव्यात, तसं. अ‍ॅलन सिल्व्हेस्ट्रीचं संगीत वाजत होतं. ते मी नंतर घरी ऐकलं, त्या दिवशी आमच्यापुढे ऑर्केस्ट्राचं काही चाललं नाही. २०१५ मध्येच अर्ध्यात तोडलेली ‘अ‍ॅव्हेंजर्स, असेंबल’ ही हाकही कॅप्टन इथे पुरी करतो. ओरडून नाही, पुटपुटल्यासारखी.

थोड्या वेळाने सगळ्या बायका एका ओळीत उभ्या राहतात. कॅप्टन मार्व्हल, वान्डा, ओकोये, शुरी, पेपर. प्रसंग ओढूनताणून आणलेला आहे, महिला दिनाच्या ग्रुप फोटोसारखा. आणि टोळीतल्या ज्या नताशाने सगळ्यांसाठी जीव दिला तिला साधी शोकसभासुद्धा नाही, हा माझा राग आजही आहे. पण त्या वेळी माझ्या बरोबर मागून एक शिट्टी आली. लांब, धारदार, शेवटी वर वळलेली. मी मागे पाहिलं. कॉलेजातली मुलगी. चार बोटं तोंडात.

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर ती दिसली. रडून तिचेही डोळे सुजलेले. धीर करून विचारलं, कशी वाजवतेस?

“सोप्पंय काकू. जीभ मागे दुमडा, ओठ आत घ्या, बोटांनी दाबा आणि फुंका.”

काकू! छत्तिसाव्या वर्षी. पण विद्या घ्यायची तर अपमान गिळावा लागतो. मी भर रस्त्यात जीभ दुमडली, ओठ आत घेतले, फुंकलं. हवा आली. थुंकीही आली. टपरीवाल्याने माझा कटिंग जरा लांब सरकवला.

ऑफिसात घसा बसलेला. त्यातून शेजारच्या टेबलवाल्याचं तिकीट रविवारचं, म्हणून मला तोंड उघडायची बंदी. दिवसभर नुसते हातवारे. रात्री जेवणं झाल्यावर बाथरूमचं दार लावून आरशासमोर पुन्हा जीभ दुमडली. दहा मिनिटं फुंकत होते.

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, “अगं, गॅस बंद केलास ना? कुठूनतरी फुस्स येतंय.”