रुपयातले किती आणे?

परवा आईला आणि बायकोला घेऊन साडी खरेदीला गेलो होतो, दुकानाच्या दारातच हा भला मोठा बोर्ड, ५० + २० टक्के सूट. बायको म्हणाली सत्तर टक्के ऑफ, मी पण मान डोलावली (साडीच्या दुकानात नवऱ्याला तेवढंच काम असतं). दोन हजारांची साडी पसंत पडली, मी मनात सहाशे धरून पाकीट काढलं तर काउंटरवरचा आठशे मागायला लागला. मी भांडायच्या तयारीत, तेवढ्यात मागून आई म्हणते, अरे आधी निम्मे गेले, हजार राहिले, मग त्या हजारातले वीस टक्के म्हणजे दोनशे गेले, आठशेच होतात, दे मुकाट्याने.

आई पंच्याहत्तरची. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर तिला अजून सापडलेला नाही आणि तिचं काही अडलेलंही नाही. तिच्या वडिलांचं बार्शीला किराणा दुकान होतं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा ही जेमतेम पहिलीत, पण दुकानात आणि घरात पुढे कितीतरी वर्षं बोलणं आण्यातच. सोळा आण्यांचा रुपया, म्हणून एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, असलं तिरपागडं गणित रोज गिऱ्हाइकाला समजवायचं म्हणजे काय झालं असेल त्या माणसाचं! पण त्यामुळे आईच्या डोक्यात टक्के आलेच नाहीत, आली ती वाटणी. पावकी निमकी पाऊणकी सवायकी दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे तिला तोंडपाठ, आपण पंचवीस टक्के म्हणून मोबाइल काढतो तोवर तिचा पाव सांगून झालेला असतो. अजूनही स्वयंपाकघरातून आवाज येतो, डाळ बारा आणेच शिजलीय, अजून एक शिट्टी काढ. पंच्याहत्तर टक्के शिजलेली डाळ कशी असते मला माहीत नाही, पण बारा आणे शिजलेली मला बरोबर कळते.

आणि आणे काही पूर्ण गेलेत असंही नाही. दुष्काळाच्या बातम्यांत अमुक इतक्या गावांची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत असं वाचतो ना, ते तरी काय, नेहमीच्या पिकाचा रुपया धरला तर यंदा त्यातलं किती पदरात पडलं याचाच हिशोब. पूर्वी तिलाच आणेवारी म्हणायचे, बरेच जण अजूनही म्हणतात.

मला साधे टक्के जमतात हं. दहा टक्के काढायचे तर शेवटी एक टिंब सरकवायचं, पाच हवे तर त्याचं निम्मं, हॉटेलचं बिल ८४० असेल तर जीएसटी ४२. पन्नासचे अठरा टक्के अडले तर उलटं करून अठराचे पन्नास टक्के काढायचे, नऊ, ही युक्ती मला चाळिशीत कळली याची लाज वाटते. फसतो कुठे, तर आत दडलेल्या टक्क्यांत. मिक्सर २९५० ला आणला, जीएसटी धरून. मी २९५० चे अठरा टक्के काढून ५३१ सरकारला गेले म्हणून हळहळत बसलो. खरे गेले ४५०, कारण मिक्सरची मूळ किंमत २५००, कर त्याच्यावर.

आईचा एकच प्रश्न असतो, कशातले? चुलतभाऊ एकदा खुशीत सांगायला आला की ओळखीतून पैसे मिळतायत, फक्त दोन टक्क्यांनी, बँक तर नऊ घेते. आई म्हणाली, दोन कशाचे, महिन्याचे ना? शेकडा दोन दरमहा म्हणजे वर्षाचे चोवीस झाले की रे. तो चहा अर्धा टाकून बँकेत गेला.

लॉकडाऊनमध्ये माझा पगार दहा टक्के कापला होता, चाळीस हजारांचे छत्तीस. वर्षभराने दहा टक्के वाढवला आणि मेल आला, पगार पूर्ववत. मी पेढे आणले. आईने आकडा विचारला, एकोणचाळीस हजार सहाशे म्हटल्यावर पेढा हातातच धरून म्हणाली, मग चारशे कुठे गेले? छत्तीसचे दहा टक्के छत्तीसशेच होणार, पूर्ववत व्हायला अकराच्या वर लागतात. एचआरला विचारायला गेलो नाही, नोकरी टिकली होती तेवढं बास होतं, पण तो पेढा काही मला गोड लागला नाही.

हे लिहितोय तर लेक ओरडतेय, बाबा मोबाइल सहा टक्क्यांवर आलाय, चार्जर कुठेय? आतून आजी विचारतेय, सहा म्हणजे किती गं? आणि लेक न थांबता सांगते, एक आणा, आजी.