आकृती अपूर्ण

"आकृती अपूर्ण." एवढे दोनच शब्द लिहून माझ्या घोडीच्या, चिंगीच्या पासपोर्टचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला.

मी पुण्यात ड्रेसाज शिकवते, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली अचूक करून घ्यायची घोडेस्वारी. शेजारच्या काकू सगळ्यांना सांगतात, "ही घोडे नाचवते." ते शिकताना मी अडल्याचं मला काही आठवत नाही. घोडदळातून निवृत्त झालेल्या एका रिसालदार साहेबांनी सहा महिने रिकिबीत पाय घालू दिला नाही, लांब दोरीवर गोल गोल फिरवलं आणि एका सकाळी म्हणाले, "आता लगाम धर." मीही मुलांना तसंच शिकवते. पालक कुरकुरतात, त्यांना कुरकुरू द्यायचं. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत 1982 नंतर पहिल्यांदाच सुवर्ण मिळालं होतं. तेव्हापासून चौकशीचे फोन वाढलेत, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "स्पर्धेला कधी उतरवणार?"

उतरवायचं तर घोड्याची ओळख सांगणारा कागद, म्हणजेच पासपोर्ट हवा. चिंगी सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून आणलेली मारवाडी घोडी, त्यामुळे जन्माचा कागदच नाही. अर्जात घोड्याच्या छापील बाह्यरेखा असतात: डावी बाजू, उजवी बाजू, समोरून डोकं, मागून पाय, खालून गळा. त्यांवर पांढऱ्या खुणा लाल शाईने आणि केसांचे भोवरे काळ्या फुलीने दाखवायचे. पशुवैद्याने सगळंच निळ्या पेनने काढलं, तो अर्ज परत. दुसऱ्या वेळी शाई बरोबर होती, पण कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर की खाली ते लिहायचं राहिलं. पुन्हा परत. दर खेपेला तीन-चार आठवडे जायचे. (पेन स्वतः घेऊन जा. लाल आणि काळं, दोन्ही.)

तिसऱ्यांदा मात्र काय चुकलं ते कळेचना. अर्ज तपासणाऱ्या ऑफिसात फोन केला तर पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मॅडम, मला घोड्यातलं काय कळतंय? वरून शेरा येतो, तो मी लिहितो."

"मग ज्यांना कळतं त्यांना फोन द्या ना."

"ते फोनवर बोलत नाहीत."

तिकडे ग्लँडर्सच्या (घोड्यांचा एक संसर्गजन्य रोग) रक्ततपासणीचा अहवाल शिळा होत चालला होता. आयोजकांना ताजाच लागतो, म्हणजे चिंगीला पुन्हा सुई. म्हणून सांगते, पासपोर्ट हातात आल्याशिवाय रक्त काढू नका. मी उलटं केलं आणि दुप्पट पैसे भरले. माझी विद्यार्थिनी रोज विचारायची, "ताई, जाणार ना आपण?" आणि मी तिच्यावरच डाफरायचे. ते बरं केलं नाही.

शेवटी घोड्यांची देखभाल करणाऱ्या आमच्या सईसमामांना अर्ज दाखवला. त्यांनी कागद दोनदा फिरवून पाहिला. "ताई, यात देवमण कुठाय?"

गळ्याखालचा भोवरा! सारंगखेड्याला विकणाऱ्याने चिंगीचा एकेक भोवरा बोट ठेवून दाखवला होता. देवमण आहे, घरात लक्ष्मी येईल, म्हणाला होता. मी चहा पीत हसले होते. पशुवैद्याने गळा खालून पाहिलाच नव्हता, आणि रोज खरारा न करणाऱ्या मला तरी तो कसा आठवणार! मामांनी चिंगीची हनुवटी वर धरली, मी फुली मारली. अर्ज मंजूर.

बाकी सगळं सुरळीत झालं. फोटो घेण्याआधी पाय धुवा हे सांगायचं राहिलं, चिखलाखाली पांढरे मोजे, म्हणजे पायांवरचे पांढरे पट्टे, दिसत नाहीत.

स्पर्धेच्या मैदानातल्या जागांना अक्षरांची नावं असतात; पोरगी ए अक्षरापासून सरळ आत आली आणि मध्यावर एक्सवर थांबली. सलाम छान केला, पण चिंगीचा मागचा डावा पाय बाहेरच राहिला. 10 पैकी 5. सोमवारी पहाटे साडेपाचला रिकिबी काढून दोघींना परत दोरीवर घेतलं.